पांच वर्षांची गोळी

शहरांतील एका सुखवस्तु घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. घरांतील कर्त्या बाई, वय पंचावन्नच्या आसपास, वर्षापूर्वीं स्तनाच्या कर्करोगानें आजारी पडल्या. शस्त्रक्रिया झाली, किमोथेरपीचे कठीण महिने गेले, केस गळाले व पुनः उगवले, किरणोपचारही पुरे झाले. देवापुढें साखर ठेवून घरानें सुटकेचा निःश्वास टाकला. शेवटच्या भेटीच्या वेळीं डॉक्टरांनीं एक चिठ्ठी हातीं दिली : रोज एक गोळी, पांच वर्षें. एवढ्या मोठ्या लढाईनंतर ही एवढीशी गोळी घरांत कोणाच्या लक्षांतही राहिली नाहीं. आठ महिन्यांनीं कपाट आवरतांना सुनेच्या हातीं तीन महिन्यांचीं तीन पाकिटें लागलीं. तिन्ही न उघडलेलीं.

"आई, या गोळ्या राहिल्या कशा? विसरलांत का?"

"विसरलें नाहीं ग. मुद्दामच घेतल्या नाहींत. आजार गेला म्हणतां ना सगळे? मग ही गोळी घेतली कीं सकाळीं अंथरुणांतून उठवत नाहीं, बोटें वळत नाहींत, पोळी लाटतां येत नाहीं. यापेक्षां तो आजार परवडला."

हें घर कल्पनेंतलें आहे. पण अशीं घरें कल्पनेंत शोधावीं लागत नाहींत. त्या बाईंना दोष देणें सोपें आहे, परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. गोळीचा त्रास त्यांना रोज सकाळीं दिसतो. गोळीचा उपयोग मात्र कधींच दिसत नाहीं. जो रोग परत आला नाहीं, तो कोणाला दिसणार? म्हणून या उपचाराविषयीं दोन गोष्टी प्रत्येक घरानें नीट समजून घेतल्या पाहिजेत. तो केव्हां सुरू करावा व किती काळ चालवावा, ही एक. आणि त्याचा त्रास होऊं लागल्यास काय करावें, ही दुसरी. या दोन्हींचा परस्परसंबंध फार जवळचा आहे.

प्रथम नांवाचाच घोटाळा दूर केला पाहिजे. या उपचारास हॉर्मोन थेरपी म्हणतात. त्यामुळें पुष्कळ स्त्रियांना वाटतें कीं, यांत शरीराला हॉर्मोन पुरविलें जातें. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. येथें हॉर्मोनची वाट अडविली जाते. पाळी जातांना होणाऱ्या त्रासावर कांहीं स्त्रियांना खरोखरच हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या जातात. तो उपचार निराळा, आणि ज्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे तिला तो अपायकारक ठरूं शकतो. स्वीडनमध्यें चाललेली अशा प्रकारची एक चांचणी, हॉर्मोन घेणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचें प्रमाण अधिक दिसल्यामुळें २००३ सालीं मध्येंच थांबवावी लागली होती. शेजारणीची गोळी व आपली गोळी यांचें नांव सारखें वाटलें, तरी काम सारखें नसतें.

हॉर्मोनचा व या रोगाचा संबंध प्रथम ध्यानांत आला तो ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज बीट्सन यांच्या. तरुणपणीं स्कॉटलंडच्या ग्रामीण भागांत असतांना त्यांनीं मेंढ्यांच्या दुभतेपणाचा अभ्यास केला होता. व्यालेल्या गाईचे अंडाशय काढल्यास तिचें दूध दीर्घकाळ चालू राहतें, ही कांहीं देशांतील पशुपालकांना ठाऊक असलेली गोष्टही त्यांच्या कानांवर आली होती. अंडाशय कोठें आणि स्तन कोठें. तरी एकाचा दुसऱ्यावर अंमल चालतो, हें त्यांनीं ओळखलें. १८९५ सालीं त्यांनीं एका तेहतीस वर्षांच्या, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्ण स्त्रीचे दोन्ही अंडाशय काढले. कांहीं महिन्यांत तिच्या गांठी विरून गेल्या, व ती सुमारें चार वर्षें जगली. १८९६ सालीं त्यांनीं ही हकीकत प्रसिद्ध केली. पण हाच उपाय सर्वांना लागू पडेना. कांहीं स्त्रियांत गांठ विरे, कांहींत तिच्यावर कांहींच परिणाम होत नसे. याचें कारण कळावयास साठ वर्षें लागलीं.

तें कारण शिकागो विद्यापीठांतील एलवुड जेन्सन यांनीं १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उकललें. अंडाशयांतून स्रवणारें ईस्ट्रोजेन नांवाचें हॉर्मोन रक्तांतून सर्व शरीरांत फिरतें. पण ज्या पेशींत त्याला धरून ठेवणारें विशिष्ट प्रथिन असेल, तेथेंच त्याचें काम चालतें. ईस्ट्रोजेन ही किल्ली मानली, तर हें प्रथिन म्हणजे कुलूप. ज्या कर्करोगाच्या पेशींत हें कुलूप असतें, त्या या किल्लीनें चेतविल्या जातात. ज्यांत तें नसतें, त्यांना किल्ली असली काय आणि नसली काय. म्हणूनच आज गांठीचा तुकडा तपासतांना ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या दोन्ही कुलपांची तपासणी करतात व तिचा निकाल अहवालांत ई. आर. आणि पी. आर. या अक्षरांपुढें लिहिलेला असतो. हॉर्मोनची वाट अडविण्याचा उपचार कोणाला द्यावयाचा, हें त्या अक्षरांवरून ठरतें. स्तनाच्या कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्ण स्त्रियांत हें कुलूप सांपडतें. घरांत अहवालाची प्रत असावी, आणि त्या दोन ओळी घरांतील कोणीतरी समजून वाचलेल्या असाव्यात.

या उपचारांतील सर्वांत प्रसिद्ध औषध टॅमॉक्सिफेन. त्याचा जन्म भलत्याच हेतूनें झाला. इंग्लंडमधील चेशायर परगण्यांत आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेंत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीनें १९६२ सालीं तें तयार केलें, तें संततिनियमनासाठीं. त्या कामीं तें अगदींच निरुपयोगी ठरलें. स्त्रियांत बीज सुटण्याची क्रिया थांबण्याऐवजीं त्यानें तिला चालनाच मिळे. परंतु मँचेस्टर येथील ख्रिस्टी रुग्णालयांत मेरी कोल व त्यांचे सहकारी यांनीं तें वाढलेल्या स्तनाच्या कर्करोगावर देऊन पाहिलें, व १९७१ सालीं त्याचे गुण जगापुढें मांडले. १९७३ सालीं ब्रिटनमध्यें व १९७७ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. टॅमॉक्सिफेन स्वतःच कुलपांत जाऊन बसतें. मग खऱ्या किल्लीला जागाच उरत नाहीं.

पाळी गेल्यानंतर अंडाशय आपलें काम थांबवितात, पण ईस्ट्रोजेन सर्वस्वीं नाहींसें होत नाहीं. शरीरांतील चरबी, स्नायु व अन्य भागांत अॅरोमेटेज नांवाचें एक द्रव्य दुसऱ्या हॉर्मोनचें रूपांतर करून तें थोडेंथोडें तयार करीत राहतें. अॅनॅस्ट्रोझोल, लेट्रोझोल व एक्झेमेस्टेन हीं औषधें या कारखान्यालाच कुलूप घालतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत तीं टॅमॉक्सिफेनहून कांहीशीं अधिक गुणकारी ठरलीं आहेत. परंतु ज्या स्त्रीचे अंडाशय अजून काम करीत आहेत, तिला तीं एकटीं देऊन चालत नाहींत. तसें केल्यास मेंदूकडून अंडाशयांना अधिक जोरानें काम करण्याचा हुकूम सुटतो, व औषधाचा हेतु फसतो. अशा स्त्रीला एकतर टॅमॉक्सिफेन देतात, किंवा इंजेक्शनांनीं अंडाशय झोपवून मग हीं दुसरीं औषधें देतात.

येथें काळाचा पहिला प्रश्न उपस्थित होतो. किमोथेरपी चालू असतां पुष्कळ स्त्रियांची पाळी थांबते. घरांत सर्वांना वाटतें, पाळी गेली. पण ती नेहमींच गेलेली नसते; विशेषतः चाळिशीच्या आंतबाहेरच्या स्त्रियांत ती कांहीं महिन्यांनीं, कधीं वर्षानंतरही परत येते. म्हणून केवळ पाळी दिसत नाहीं एवढ्यावरून औषध ठरवावयाचें नसतें. रक्त तपासून अंडाशयांची अवस्था पाहावी लागते. दुसऱ्या प्रकारचें औषध चालू असतांना पुनः पाळी दिसली, तर तें शुभचिन्ह समजून स्वस्थ बसूं नये. त्याच आठवड्यांत डॉक्टरांना कळवावें.

दुसरा प्रश्न, गोळी सुरू केव्हां करावयाची. किमोथेरपी व टॅमॉक्सिफेन हीं एकाच वेळीं चालू केल्यास काम लवकर आटपेल, असें कोणालाही वाटेल. अमेरिकेंत पाळी गेलेल्या स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चांचणीचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत दोन्ही एकदम दिल्यापेक्षां किमोथेरपी पुरी करून मग टॅमॉक्सिफेन दिल्यास फळ अधिक चांगलें येण्याकडे कल दिसला. शिवाय टॅमॉक्सिफेननें रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो, व किमोथेरपींत तो आधींच असतो. त्यामुळें किमोथेरपी असल्यास ती आधीं व गोळी नंतर, असाच क्रम आज सर्वसाधारणपणें पाळला जातो. किरणोपचारांचें तसें नाहीं. गोळी त्यांच्याबरोबर चालू करतात किंवा ते संपल्यावर, आणि हें डॉक्टर ठरवितात. उलट, पाळी गेलेल्या कांहीं स्त्रियांत गांठ मोठी असेल, तर शस्त्रक्रियेच्या आधींच कांहीं महिने गोळी देऊन गांठ लहान करून घेतात.

शस्त्रक्रियेच्या आधींच्या थोड्या दिवसांचें महत्त्व किती, याचा शोध आपल्याकडेही झाला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांतील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनीं शस्त्रक्रियेपूर्वीं पांच ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन जातीच्या औषधाचें एकच इंजेक्शन देऊन पाहिलें. ९७६ स्त्रियांच्या या चांचणीचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करतां निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाहीं. परंतु ज्यांच्या कांखेंतील गांठींत रोग पोंचला होता, त्यांच्यांत पांच वर्षांनीं रोगमुक्त असणाऱ्यांचें प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत शेंकडा ६५.३ व न घेतलेल्यांत शेंकडा ५४.७ आढळलें. हा उपाय अद्याप सर्वत्र रूढ झालेला नाहीं. तथापि या रोगांत औषध कोणतें याइतकाच तें केव्हां, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे, हें या शोधानें दाखवून दिलें.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, किती काळ. पांच वर्षें हा आंकडा कोणीं सहज मनांत आणून लिहिलेला नाहीं. वीस चांचण्यांतील एकवीस हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ सालीं जो हिशेब मांडला गेला, त्यांत असें दिसलें कीं, कुलूप असलेल्या रोगांत सुमारें पांच वर्षें टॅमॉक्सिफेन घेतल्यास रोग उलटण्याचें प्रमाण पहिल्या पांच वर्षांत जवळजवळ निम्म्यावर येतें, आणि पुढील पांच वर्षांतही सुमारें एकतृतीयांशानें कमीच राहतें. पंधरा वर्षांच्या अवधींत या रोगानें येणारे मृत्यूही सुमारें एकतृतीयांशानें घटतात. म्हणजे गोळी बंद झाल्यावरही तिची पुण्याई पुढें चालू राहते. परंतु ती पुण्याई आधीं सांठवावी लागते.

इतका दीर्घ काळ कां, हें या रोगाच्या स्वभावांत आहे. या जातीचा कर्करोग सावकाश चालणारा आहे. बासष्ट हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. पांच वर्षें उपचार पुरा करून रोगमुक्त असलेल्या स्त्रियांचा हा अभ्यास. तरीही पुढील पंधरा वर्षांत रोग दूरच्या अवयवांत उलटण्याचा धोका, गांठ लहान व कांख स्वच्छ असलेल्या स्त्रियांतही शेंकडा १३ होता. गांठ मोठी व कांखेंत रोग अधिक पसरलेला असल्यास तो शेंकडा ४१ पर्यंत पोंचला. हे आंकडे भिववण्यासाठीं सांगावयाचे नाहींत. "आजार गेला" हें वाक्य या रोगाच्या बाबतींत घाईनें उच्चारूं नये, एवढ्यासाठींच ते लक्षांत ठेवावयाचे.

मग जन्मभरच गोळी कां घेऊं नये? त्याचेंही उत्तर चांचण्यांनीं दिलें आहे. अॅटलास नांवाच्या आंतरराष्ट्रीय चांचणींत कांहीं स्त्रियांनीं टॅमॉक्सिफेन पांच वर्षांनीं थांबविलें, कांहींनीं दहा वर्षें घेतलें. पांचव्यापासून चौदाव्या वर्षापर्यंतच्या काळांत रोग उलटण्याचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा २५.१ व दुसऱ्यांत २१.४ होतें, रोगानें येणारे मृत्यु अनुक्रमें शेंकडा १५ व १२.२. मात्र त्याच काळांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका शेंकडा १.६ वरून ३.१ वर गेला. लाभ आहे, पण त्याला किंमत आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या एका ऑस्ट्रियन चांचणींत, पहिल्या पांच वर्षांनंतर अॅनॅस्ट्रोझोल आणखी दोन वर्षें घेतलें काय आणि पांच वर्षें घेतलें काय, रोगाच्या दृष्टीनें फरक पडला नाहीं. हाडें मोडण्याचें प्रमाण मात्र दीर्घकाळ घेणाऱ्यांत अधिक दिसलें. ही गोष्ट २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तात्पर्य, पहिलीं पांच वर्षें हा पाया आहे. पुढचीं वर्षें गांठीचा आकार, कांखेंतील रोग, वय, हाडें व प्रकृति पाहून प्रत्येकीसाठीं वेगळीं ठरवावयाचीं असतात.

रोजच्या घटकेविषयीं घरांत फार चर्चा होते : सकाळीं कीं रात्रीं, जेवणाआधीं कीं नंतर? टॅमॉक्सिफेन, अॅनॅस्ट्रोझोल व लेट्रोझोल यांना अन्नाचें बंधन नाहीं. एक्झेमेस्टेन मात्र जेवणानंतर घ्यावयाचें असतें. घटका कोणतीही चालेल, ती रोज एकच असावी, म्हणजे विसर पडत नाहीं. गोळीनें रात्रीं घाम येऊन झोंप मोडत असेल, तर ती सकाळीं घेऊन पाहावी; दिवसा मळमळत असेल, तर रात्रीं. टॅमॉक्सिफेन शरीरांत कित्येक दिवस टिकतें. म्हणून एखादे दिवशीं गोळी चुकली तर घाबरूं नये, आणि दुसऱ्या दिवशीं दोन घेऊं नयेत. एक दिवस चुकणें आणि तीन महिने कपाटांत ठेवणें, यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

आतां त्रासाकडे वळावयाचें. टॅमॉक्सिफेनचा सर्वांत सामान्य त्रास म्हणजे अंगांतून एकाएकीं उठणारी उष्णतेची लाट, घाम व झोंपमोड. ती पहिल्या महिन्यांत जोरांत असते व पुष्कळ स्त्रियांत पुढें सौम्य होते. सुती कपडे, गार हवा, रात्रीचा चहा व तिखट कमी करणें, यांनीं थोडा आराम पडतो. त्यानें न भागल्यास हॉर्मोनरहित औषधें आहेत. येथें एक सावधगिरी हवी. मन खिन्न झाल्यास किंवा लाटा थांबाव्या म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकीं पॅरोक्सेटीन व फ्लुओक्सेटीन हीं यकृतांत टॅमॉक्सिफेनचें जें क्रियाशील रूप बनतें, त्यालाच अडथळा करतात. त्याऐवजीं व्हेन्लाफॅक्सीनसारखें दुसरें औषध निवडतां येतें. म्हणून मनाच्या डॉक्टरांना कर्करोगाची गोळी सांगावी, आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना मनाची. काढे व चूर्णें घरचीं म्हणून लपवूं नयेत.

टॅमॉक्सिफेनचे गंभीर त्रास विरळा आहेत, पण ते ओळखतां आले पाहिजेत. पाळी गेल्यानंतर पुनः रक्त दिसणें, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणें, एकाएकीं दम लागणें किंवा छातींत कळ येणें, यांपैकीं कांहींही झाल्यास पुढच्या भेटीची वाट पाहूं नये. पहिल्यांत गर्भाशय तपासावें लागतें. बाकीच्यांत रक्ताच्या गुठळीची शंका असते व घटकाही दवडून चालत नाहीं. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ही गोळी चालू असल्याचें आधीं सांगावें. दृष्टि मंद वाटल्यास डोळे दाखवावे, कारण मोतीबिंदूचें प्रमाण थोडें वाढतें.

दुसऱ्या जातीच्या गोळ्यांचा त्रास निराळा. त्यांत रक्ताच्या गुठळ्यांचा व गर्भाशयाचा धोका कमी; पण सांधे आंखडतात, विशेषतः सकाळीं, आणि हाडें विरळ होतात. सांध्यांचें दुखणें बहुधा पहिल्या कांहीं महिन्यांतच सुरू होतें. तें दुखूं लागलें कीं माणूस साहजिकच हालचाल कमी करतें. आणि नेमकी तीच चूक ठरते. अमेरिकेंतील एका चांचणींत असें दुखणें असलेल्या स्त्रियांना आठवड्यांतून दोनदां स्नायूंचा व्यायाम व एकंदर अडीच तास चालण्यासारखा व्यायाम वर्षभर करावयास लावला. त्यांच्या तीव्र वेदना सुमारें शेंकडा ३० नीं उतरल्या. हा निष्कर्ष २०१५ सालचा. हाडांसाठीं गोळी सुरू करतांनाच घनतेची तपासणी करावी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व पुरेसें आहे ना तें पाहावें, आणि गरज पडल्यास हाडें बळकट करणारीं औषधें घ्यावीं. तीं घेण्यापूर्वीं दांतांचें काम उरकून घ्यावें.

आणि एवढ्यानेंही सांधे थांबले नाहींत तर? गोळी बदलतां येते. फ्रान्समधील एका अभ्यासांत, सांध्यांच्या दुखण्यानें अॅनॅस्ट्रोझोल सोडावें लागलेल्या १७९ स्त्रियांना महिनाभराच्या विश्रांतीनंतर लेट्रोझोल दिलें. सहा महिन्यांनीं त्यांपैकीं १२८ जणी तें घेत होत्या. एक गोळी सोसली नाहीं म्हणून तिची बहीणही सोसणार नाहीं, असें नाहीं. तीही न सोसल्यास टॅमॉक्सिफेन आहेच. आरंभींच्या चित्रांतील बाईंना हें कोणीं सांगितलें नव्हतें. त्यांच्यापुढें दोनच वाटा आहेत असें त्यांना वाटलें, वेदना किंवा कपाट.

कांहीं त्रास असे आहेत कीं, ते डॉक्टरांपुढें उच्चारण्याचाही संकोच वाटतो. योनिमार्गाचा कोरडेपणा, पतिपत्नीच्या सहवासांत होणारी वेदना, इच्छाच उरली नाहीं ही खंत. मुलाला किंवा सुनेला घेऊन तपासणीस गेलेली स्त्री हें बोलणार तरी कसें? तिला घटकाभर डॉक्टरांशीं एकटीनें बोलूं देणें, हें बरोबर गेलेल्या माणसाचें कर्तव्य आहे. यावरही हॉर्मोनरहित मलमें व वंगणें असे साधे उपाय आहेत. हॉर्मोन असलेलें मलम मात्र स्वतःच्या मनानें आणूं नये.

तरुण स्त्रीपुढचा प्रश्न आणखी नाजूक आहे. आपल्या देशांत हा रोग पाश्चात्य देशांच्या मानानें अधिक तरुण वयांत होतो. तिशींतल्या, अजून मूल नसलेल्या स्त्रीला पांच वर्षें म्हणजे आयुष्याचा दरवाजाच बंद होतो कीं काय असें वाटतें. टॅमॉक्सिफेन चालू असतां गर्भ राहूं देणें गर्भास धोक्याचें आहे, आणि तें घेत असतां गर्भ राहणारच नाहीं असेंही नाहीं. म्हणून त्या काळांत हॉर्मोनरहित संततिनियमन आवश्यक असतें. परंतु दरवाजा बंद नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चांचणींत पांचशेंहून अधिक स्त्रियांनीं दीड ते अडीच वर्षें उपचार घेऊन, गर्भधारणेसाठीं जास्तींत जास्त दोन वर्षें तो थांबविला. तीन वर्षांच्या अवधींत त्यांच्यांत रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा ८.९ होतें, न थांबविणाऱ्या तशाच स्त्रियांत ९.२. दूरच्या भविष्याचा निकाल यावयाचा आहे. आणि मूल झाल्यावर उरलेला उपचार पुरा करावयाचा असतो, हें विसरूं नये. ही विश्रांति डॉक्टरांच्या संमतीनें, ठरवून घेतलेली होती. कपाटांत गोळ्या ठेवून नव्हे.

गोळी सोडणाऱ्या स्त्रिया अपवादात्मक असतील, असा समज असल्यास तोही सोडला पाहिजे. कॅलिफोर्नियांतील ८,७६९ स्त्रियांचा अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांच्या आंत शेंकडा ३२ जणींनीं उपचार सोडून दिला होता. आणि ठरल्याप्रमाणें नियमितपणें शेवटपर्यंत गोळी घेणाऱ्या निम्म्याहूनही किंचित् कमी, शेंकडा ४९, निघाल्या. सुशिक्षित व सुसज्ज समाजांतली ही स्थिति. शिक्षण येथें पुरें पडत नाहीं, आणि पैशाचा प्रश्नही नेहमीं नसतो. टॅमॉक्सिफेन हें स्वस्त औषध आहे. जें कमी पडतें तें विचारणारें माणूस. शस्त्रक्रियेच्या वेळीं आप्तांची रीघ लागते. गोळीच्या तिसऱ्या वर्षीं कोणी चौकशीसही येत नाहीं.

म्हणून घरानें थोडी व्यवस्था लावावी. एका वहींत गोळी सुरू केल्याची तारीख लिहावी, व तिच्याखालीं त्रासाची नोंद ठेवावी : काय होतें, केव्हां होतें, त्यामुळें कोणतें काम अडतें. "सांधे दुखतात" यापेक्षां "सकाळीं तासभर पोळी लाटतां येत नाहीं" या वाक्यानें डॉक्टरांना अधिक कळतें. भेटीस जातांना ती वही न्यावी. आणि गोळी सोडावीशी वाटली, तर सोडण्याच्या आधीं सांगावें. सोडून झाली असेल, तर तरीही सांगावें. "एवढ्याशा गोळीचा कसला त्रास!" असें घरांत कोणींही म्हणूं नये. तें वाक्य ऐकलेली स्त्री पुनः तक्रार करीत नाहीं. ती गोळी लपविते.

त्या कल्पनेंतल्या घरांतील सून शहाणी होती. तिनें रागें भरलें नाहीं. पाकिटें तशींच पिशवींत घातलीं आणि दुसऱ्या दिवशीं सासूबाईंना घेऊन ती डॉक्टरांकडे गेली.

"डॉक्टर, खरें सांगतें. तीन महिने गोळी घेतली नाहीं," बाई खालीं मान घालून म्हणाल्या.

"बरें झालें, सांगितलेंत," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने गेले, चार वर्षांहून अधिक अजून हातांत आहेत. आतां बोटें दाखवा पाहूं."

गोळी बदलली गेली. हाडांची तपासणी ठरली. संध्याकाळच्या फिरण्याला नात सोबत येऊं लागली. सांधे अजूनही थोडे कुरकुरतात. पण पोळ्या होतात. आणि गोळीचें पाकीट आतां कपाटांत नसतें. तें स्वयंपाकघरांत चहाच्या डब्याशेजारीं, सर्वांना दिसेल असें ठेवलेलें असतें.